‘बिचारी’ काढायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुम्ही चंद्रपूरला, मी अकोल्यात. भेट एकदाच झाली, तीही गेल्या वर्षीच्या त्या कवितावाचनात. मी तीन ओळी वाचून थांबले, तर व्यासपीठावरच्या ज्येष्ठांनी माइकवरूनच विचारलं, “पुढे?” सगळे हसले. शिरीष पैंनी हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, मराठीत रुजवून इतकी वर्षं झाली, तरी तीन ओळी म्हणजे लिहायचा कंटाळा असं समजणारे अजून खुर्च्या अडवून बसलेत. चहाच्या वेळी तुम्ही जवळ येऊन म्हणालात, “पुढे काही नको. बरोबर थांबलात.” आणि माझा नंबर लिहून घेतलात.

मग मे आला. आईची उजवी बाजू गेलेली, ती खाटेवर. ऊन नुसतं मी म्हणत होतं. रोज कुणी ना कुणी येई, आईच्या उशाशी बसून माझ्याकडे बघत “बिचारी” म्हणे, पन्हं पिई आणि जाई. तासभर आईजवळ थांबते, तू झोप, असं एकीलाही सुचलं नाही.

दुपारी दोनला तुमचा निरोप मात्र ठरलेला. “आमच्याकडे ४६. तुमच्याकडे?” मी कळवायची, “४५, पण लाइन गेली.” त्यावर तुम्ही, “लाइन गेली तर जाऊ द्या, ओळी आहेत ना? तीन पाठवा.” जपानी हायकूत ऋतू सांगणारा शब्द असतो, हे तुम्हीच सांगितलंत. वर म्हणालात, चेरीचा बहर अकोल्यात कुठून आणणार? तुमच्या खिडकीत काय आहे ते बघा.

खिडकीत बंद कुलर होता. त्याच्या वाळ्याच्या ताटीवर चिमणी बसलेली. मी तीन ओळी पाठवल्या, त्यातली मधली “वाळ्यावर बिचारी चिमणी” आणि शेवटची “चोच ओलीच.” तुमचं उत्तर आलं: “मधल्या ओळीत सात अक्षरं हवीत, दहा झाली. ‘बिचारी’ काढा, सात उरतील. चिमणी पाणी शोधून प्यायली आहे, ती बिचारी कशी?”

कुलर बंद
वाळ्यावर चिमणी
चोच ओलीच

काका, तुम्ही अक्षरं मोजत होतात. मी फोन पालथा ठेवून रडले. कितीतरी महिने माझ्या नावामागे चिकटलेला तो शब्द कुणीतरी पहिल्यांदा खोडला होता. ना उपदेश, ना कीव. माझ्या ओळीकडे मन लावून बघितलंत, एवढंच. इतक्या साध्या सभ्यतेने माणूस उभं राहतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमचे आभार कसे मानू?

आई आता आधाराने खुर्चीत बसते. मी ओळ म्हणते, ती डाव्या हाताच्या बोटांवर अक्षरं मोजते. काल म्हणाली, “सहा झाली गं.” मी पुन्हा मोजली. सहाच होती.

परवा नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतोय. आज इथे ४४. तुमच्याकडे?

तुमची,
अकोल्याची पुतणी