‘बीबीसी टू’ मूठभरांची नव्हती

महोदय,

‘बीबीसी टू’ या ब्रिटनच्या बीबीसीच्या दुसऱ्या चित्रवाणी वाहिनीच्या वाटचालीवरील रविवार पुरवणीतला लेख वाचनीय असला, तरी ही वाहिनी मूठभर अभिजनांसाठीच होती, हा त्यातील निष्कर्ष पटत नाही. २० एप्रिल १९६४ रोजी, उद्घाटनाच्याच संध्याकाळी, बॅटरसी वीजकेंद्रातील आगीमुळे लंडनचा मोठा भाग अंधारात गेला, उद्घाटन बारगळले आणि दुसऱ्या सकाळी या तथाकथित उच्चभ्रू वाहिनीचा श्रीगणेशा झाला तो ‘प्ले स्कूल’ या चिमुकल्यांच्या कार्यक्रमाने! आरंभी प्रेक्षक कमी होते, हे खरे. पण तिचे ६२५ रेषांचे (म्हणजे चित्र तितक्या आडव्या रेषांनी बनणारे) प्रक्षेपण घरोघरच्या जुन्या ४०५ रेषांच्या संचांवर दिसतच नसे आणि बर्मिंगहॅमपर्यंत पोहोचायलाही तिला डिसेंबर उजाडला. पुढे या वाहिनीचे प्रमुख राहिलेले डेव्हिड ॲटनबरो यांच्या पुढाकाराने १९६९ साली पाश्चात्त्य कलेवरील ‘सिव्हिलायझेशन’ ही १३ भागांची मालिका तिने दाखवली, तशीच रंगीत चेंडूंमुळे रंगीत चित्रवाणीला साजेशी ठरलेली स्नूकरची स्पर्धाही. जाहिरातदारांऐवजी परवाना शुल्कावर, म्हणजे चित्रवाणी पाहणाऱ्या घरांनी भरलेल्या पैशांवर, पोसलेल्या वाहिनीलाच असा सरमिसळ प्रयोग परवडला. लेखात मात्र या शुल्काचा साधा उल्लेखही नाही.

— एक वाचक, पुणे