मैदानाच्या फाटकावर स्मार्ट कार्ड कशासाठी?

महोदय,

क्रिकेटच्या मोठ्या सामन्याच्या तिकिटांचा काळाबाजार उघडकीस आला, की प्रेक्षकांना नावानिशी स्मार्ट कार्ड द्यावे, ही मागणी पुढे येते. कार्ड यावे असे मलाही वाटते, परंतु काळाबाजार त्याने थांबेल हे मला पटत नाही. वानखेडेसारख्या मैदानावर तिकिटांचा मोठा वाटा संलग्न क्लब, सदस्य आणि प्रायोजक यांच्याकडे जातो; ही वाटणी फाटकावरचे यंत्र बदलू शकत नाही. जर्मनीतील 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात तिकिटांमध्ये चिप होती आणि त्यांवर धारकाचे नावही छापलेले होते, पण हजारो लोक दाराशी उभे असताना प्रत्येकाचे ओळखपत्र पाहणे शक्य नसल्याने ती तपासणी नमुन्यापुरतीच राहिली.

कार्डाचा खरा उपयोग मला एका सामन्याच्या वेळी कळला. मैदानाचे नाव घेत नाही. तिकीट फोनवर होते, आणि फाटकाशी पोहोचेपर्यंत त्या गर्दीत नेटवर्क गेलेले होते. क्यूआर कोड उघडेना, म्हणून आम्ही पंधरा-वीस जण तोंडाशीच अडकलो आणि मागचे लोक रेटू लागले. सुरुवातीची षटके हुकली त्याचे फारसे काही नाही, पण बरोबरच्या आठ वर्षांच्या पुतणीला खांद्यावर घ्यावे लागले. मार्च 2019 मध्ये सुरू झालेल्या आणि आता मुंबई-पुण्याच्या मेट्रोत चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात रक्कम व पास चिपवरच साठवता येतात, त्यामुळे फाटकावर नेटवर्क लागत नाही. हीच सोय मैदानांनी उचलली, तर प्रेक्षकाला वेगळे कार्ड बाळगावे लागणार नाही.

मात्र कार्ड आले म्हणजे गर्दीचा प्रश्न सुटला, असे मानणे धोक्याचे आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रेक्षकांना संगणकीकृत सदस्यत्व कार्ड सक्तीचे करण्याची तरतूद 1989 च्या कायद्यात होती. त्याच वर्षी 15 एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यात अखेर 97 जणांचे प्राण गेले. चेंगराचेंगरी झालेल्या बाजूला उभ्याने सामना पाहण्याच्या जागेची सुमारे 10,100 तिकिटे होती आणि आत सोडणारी फिरत्या दांड्यांची फाटके अवघी 7. शिवाय एकूण किती माणसे आत गेली हे मोजले जात होते, पण कुंपण घातलेल्या कोणत्या भागात किती शिरली, याची मोजदाद होत नव्हती. चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी 1990 च्या अहवालात कार्ड योजनेबद्दल गंभीर शंका घेतली, कारण यंत्र अडले तर फाटकाबाहेरची दाटी वाढण्याची त्यांना भीती होती. सरकारने ती योजना पुढे नेली नाही.

ब्रिटनमधील मैदान-सुरक्षा मार्गदर्शिका एका फाटकातून ताशी 660 माणसांपेक्षा जास्त धरू नये, असे सांगते. सुमारे 33,000 आसनांच्या वानखेडेला या हिशेबाने तासाभरात भरायचे, तर 50 फाटके लागतात. आपल्याकडे तर कार्ड अर्ध्या सेकंदात वाचले गेले, तरी पुढे झडती, नाणी आणि पाण्याच्या बाटल्या काढून ठेवणे यांत मिनिट जाते, आणि ज्या जागी ही झडती होते ती बहुधा अरुंद असते. म्हणून झडतीची रांग कार्डाच्या फाटकापासून बरीच अलीकडे घ्यावी, प्रत्येक स्टँडची आत गेलेल्यांची संख्या नियंत्रण कक्षातील पोलिसांना त्या क्षणी दिसावी, आणि यंत्र बंद पडल्यास कोणत्या क्रमाने हाताने तपासणी होणार, हे सामन्यापूर्वीच ठरलेले असावे.

कार्ड नसलेल्यांसाठी छापील तिकिटाची खिडकी कायम राहावी, हीदेखील विनंती. वर्षातून एखादाच सामना पाहायला बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी कार्ड काढावे, ही अपेक्षा रास्त नाही.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, ठाणे