डॉक्टर मॅडम, आमची बूटवाली आता पळायला लागली

मॅडम नमस्कार,

परवा आमच्या बूटवालीचा, म्हणजे पाय दुमडलेल्या जन्मलेल्या त्या कालवडीचा व्हिडिओ टाकला त्यावर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात, कामात असणार तुम्ही, पण मला काय त्या अंगठ्यावर समाधान झालं नाही बघा. म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितो. आमच्या पठार भागातल्या म्हणजे संगमनेर तालुक्यातल्या चार दूधवाल्यांनी वाचलं तर वाचलं.

वसुबारसेला 4 दिवस राहिले होते. पहिलारू एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विलायती जातीची) गाय, पहाटेच व्याली, वासरू अंगानं मोठं होतं, मी आणि चुलतभावानं थोडं ओढूनच काढलं. कालवड झाली म्हणून आई खूश, आणि दहाच मिनिटात सगळ्यांची तोंडं उतरली कारण ती उठायला बघायची आणि पुढचे दोन्ही पाय खुराच्या वरच्या सांध्यातून मागं दुमडायचे, खुराचे तळवे मागं आणि सांध्याच्या पुढच्या बाजूवर भार, दोन पावलं टाकली की तोंडावर. तिथली कातडी तासाभरातच सोलवटली कोब्यावर. मग काय, वाडीवरचे सगळे डॉक्टर गोळा झाले. एक म्हणला डाग दे, एक म्हणला बिब्बा लाव, एकानं तर गाडीतून कॅल्शियमची बाटली पण काढली, आणि एक व्यापारी (नाव नको) म्हणे असली ठेवून काय करणार, दूध वाया जाईल.

तुमचा नंबर मागच्या लसीकरणाच्या वेळी घेतलेला होता. फोन लावला तर मी पाय पाय करतोय आणि तुम्ही पहिलं विचारलंत, "चीक पाजला का?" चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. म्हणलं नाही, अजून वार (वासराच्या मागनं पडते ती जार) पडली नाही. तुम्ही जे बोललात ते मी आता गावभर सांगत फिरतो, वारेचा आणि चिकाचा काही संबंध नाही, वार पडायची वाट बघत बसलात तर वासराला मिळायची ती प्रतिकारशक्ती निघून जाते, पहिल्या तास-दोन तासातच पाजा आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पोटात गेला पाहिजे. आमची साधारण 35 किलोची असेल, म्हणजे साडेतीन लिटर. उभी राहता येत नव्हती तर आचळाला कशी लागणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पिळून बाटलीनं पाजला. आई बडबडत होती, आमच्या काळात असं नव्हतं म्हणून, पण तिनंच मान धरली.

दुसरं तुम्ही फोनवरच करून घेतलंत. खूर धरून हळूहळू पुढं ओढा, हातानं पाय सरळ होतोय का बघा. होत होता, मॅडम, जोर लागत होता पण होत होता. "मग घाबरू नका, दुपारी येते," एवढंच म्हणालात आणि खरं सांगतो तिथंच माझं निम्मं टेन्शन गेलं.

दुपारी आलात त्या उन्हात, आणि मला वाटलं आता बॅग उघडणार, सुई टोचणार, बिल होणार. तुम्ही थेट शेणात गुडघे टेकले. आधी ताप बघितला, 102 फॅरनहाइट, म्हणालात वासराला हे नॉर्मल आहे. बेंबी दाबून बघितली, सगळे सांधे चाचपले गरम लागतात का, खुराच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिमटा काढून पाय मागं घेते का ते बघितलं, कारण ओढून काढलेल्या वासराची कधीकधी नस दुखावते म्हणे. नाळेला टिंचर आयोडीन लावलंत. मग सांगितलंत की पोटात जागा कमी पडली की पायाच्या मागच्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणारे दोर) आखडलेल्या राहतात, थोडं आखडलेलं असेल तर वासरू चालून चालून आपोआप सरळ होतं, आमचं मधलं होतं, हातानं सरळ होणारं पण स्वतःहून न होणारं. त्याला आधार लागतो, डाग नाही आणि बिब्बा तर नाहीच.

आणि मग म्हणालात ठिबकचा पाईप आहे का घरात! सबमेनचा अडीच इंची तुकडा गव्हाणीमागं पडलेला होता, हॅक्सॉ ब्लेडनं उभा चिरला, दोन पन्हाळी झाल्या, कडा पॉलिश पेपरनं घासायला लावल्यात तुम्ही मला, बोट फिरवून बघितलंत आणि परत घासायला लावल्यात. वरून खालून कापूस, कापूस पन्हाळीच्या बाहेर दोन बोटं आला पाहिजे, पन्हाळ पायाच्या मागनं, गुडघ्याखालून थेट खुराच्या टोकापर्यंत, वरून क्रेप बँडेज. डावा पाय तुम्ही बांधलात. उजवा मला बांधायला लावलात. मी म्हणलं मॅडम तुम्हीच बांधा ना, तर म्हणालात, रोज मी येणार आहे का? तेव्हा जरा राग आला होता, आता सांगतो.

बांधून उभी केली तर थरथरत का होईना राहिली उभी. तुम्ही म्हणालात हेच औषध, तिचा स्वतःचा भार पडतो आणि शीर रोज थोडी थोडी ताणली जाते. कोब्यावरनं काढून मुरमावर ठेवायला सांगितलंत, घसरत नाही म्हणून, आणि बसायला पाचट. पोरांना तर मज्जाच झाली, चालताना पाईप टक टक वाजायचा, बूटवाली नाव पडलं ते पडलंच. वसुबारसेला आईनं गायीबरोबर तिलाही ओवाळलं, कपाळाला कुंकू, पायात पाईप, तो फोटो तुम्हाला पाठवलाच होता.

आता माझी चूक. भाऊबीजेला बहिणीकडं गेलो, मुक्काम पडला, रोज सोडून बघायचं ते दीड दिवस कोणी सोडलं नाही. आलो तर वास येत होता. उजव्या पायाला, म्हणजे मीच बांधलेल्या, वरच्या कडेला कापूस सरकून पन्हाळ घासली होती आणि रुपयाएवढी जखम. फोटो पाठवताना हात कापत होता माझा. तुम्ही ओरडला नाहीत. दोन दिवस त्या पायाला नुसता जाड कापूस आणि पट्टी, जखमेला मलम, आणि दिवसातून चार-पाच वेळा हातानं पाय ताणायचा व्यायाम, मग परत पन्हाळ. रात्री अकराला पण उत्तर दिलंत तुम्ही, "सूज नाही ना वर? मग ठीक." पुढं दिवसा दोन-दोन तास सोडून ठेवायला लावलंत आणि सोळाव्या दिवशी कायमच्या काढल्या. पहिला तास चालताना पाय उगाच उंच उचलायची, बूट आहेत असं समजून.

शेवटच्या फेरीला तुम्ही जे सांगितलंत ते लिहितो कारण लोक दोन्हीत गल्लत करतात. जन्मतः पाय दुमडलेला असणं वेगळं. आणि चांगलं चालणारं वासरू आठ-दहा दिवसांनी लंगडायला लागलं, सांधा सुजून गरम झाला, ताप आला, दूध सोडलं तर तो बेंबीतून गेलेला जंतू सांध्यात बसलेला असतो, तिथं पट्टी बांधत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आमचं दोन वर्षांमागं एक वासरू असंच गेलं होतं, तेव्हा आम्ही लचक समजून शेकत बसलो होतो. तुम्हाला बोललो नव्हतो ते.

तुम्ही खरवस पण नेला नाहीत. डबा आईनं भरून ठेवला होता, तुम्ही दुसऱ्या कॉलवर निघून गेलात, आई अजून त्यावरून मला बोलते. थॅंक्यू म्हणायला गेलं तर फार छोटं होतं, पण थॅंक्यू मॅडम.

आणि एक, त्या पन्हाळी टाकल्या नाहीत. धुवून ठेवलेल्या, त्या काल खालच्या वाडीतला एक जण घेऊन गेला, त्याचा गोऱ्हा असाच जन्मला. मी गेलो होतो बांधायला. पण त्याचा गुडघ्यातूनच वाकलाय आणि हातानं अजिबात सरळ होत नाही, म्हणून बांधलं नाही मी, आधी चीक पाजायला लावला आणि तुमचा नंबर दिलाय. अनोळखी नंबर दिसेल, तेवढा उचला.