तुमच्या चपला म्युनिकला आल्या आहेत

प्रिय आपेकाका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आधी कामाचं सांगतो. तुमच्या चपला माझ्याकडे आहेत. हरवल्या नाहीत, कुणी उचलल्याही नाहीत. ब्रेनरचा घाट ओलांडून पेट्रोल भरायला उतरलो तेव्हा पायाकडे लक्ष गेलं. डाव्या चपलेचा तुटलेला पट्टा तुम्ही शिडाच्या जुन्या निळ्या दोरीच्या तुकड्याने बांधला आहे, ती गाठ दिसली. तिथून परत फिरायचं म्हणजे उलटे दोन-अडीच तास, मागच्या सीटवर दोघे झोपलेले आणि एकाचं रात्रीचं विमान. नाही फिरलो. तेवढा चांगला मी नाही.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. इटलीतल्या गार्डा तळ्याकाठच्या तोरबोलेचे की वर नागोचे, तेही कळलं नाही. 'आपेकाका' हे नाव आमच्या बारामतीकराने ठेवलं. पत्र मराठीत आहे, कारण आपण दोघं जे जर्मन बोललो ते दोघांचंही उसनं होतं. तुमचं पर्यटकांकडून आलेलं, माझं ऑफिसकडून. त्यात "धन्यवाद" म्हणता येतं, त्यापुढचं येत नाही.

आम्ही चौघे कॉलेजच्या हॉस्टेलवरचे. आता एक बारामतीला, एक दुबईत, एक श्टुटगार्टला आणि मी म्युनिकला. बावीस वर्षांनी चौघांच्या सुट्ट्या जुळल्या आणि गार्डाला जाऊन शिडाच्या बोर्डवरून विंडसर्फिंग करायची टूम मी काढली. बव्हेरियातल्या वाल्खनझे तळ्यावर मी तीन उन्हाळे पडत-उठत शिकलोय, बारामतीकराने गोव्यात कोर्स केलाय, दुबईकर बऱ्यापैकी चालवतो, श्टुटगार्टकर फोटो काढतो. मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं की तिथे वारा घड्याळ लावून येतो. पहाटे उत्तरेकडून पेलेर, दुपारी दक्षिणेकडून ओरा. शाळेत भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे पाठ केले होते ना, तेच. दिवसा डोंगर तापतात, हवा वर चढते आणि तळ्यावरची हवा दरीकडे ओढली जाते. रात्री डोंगर थंड होतात आणि तीच हवा खाली घरंगळते. तळं बावन्न किलोमीटर लांब, पण उत्तरेच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कडे आवळत आणलेले, त्यामुळे वारा नळीतून सोडल्यासारखा येतो. मी आकृती काढून पाठवली होती ग्रुपवर. बाण वगैरे दाखवून.

आणि तीन दिवस पान हललं नाही. दुपारी आकाश दुधाळ व्हायचं, मग ढग, मग लांब कुठेतरी गडगडाट. डोंगर तापलेच नाहीत तर ओरा कशाला येतोय! पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ की श्टुटगार्टकर एकटाच खूश. दुबईकर काठावर खुर्ची टाकून म्हणाला, "एवढं शांत पाणी तर आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूललाही नसतं." पहिल्या दिवशी हसलो. तिसऱ्या दिवशी जेवताना बिल कुणी द्यायचं यावरून बारामतीकराची आणि माझी जुंपली. मुद्दा बिलाचा नव्हताच. बायकोला कबूल केलेली केरळची ट्रिप पुढे ढकलून, व्हिसाच्या रांगेत उभा राहून तो आला होता, तो माझ्या आकृतीवर विश्वास ठेवून.

आता ज्यांच्याकडून आम्ही सामान भाड्याने घेतलं त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही. पैसे घेताना मी विचारलं होतं, वारा नसेल तर काय? "वारा नेहमीच असतो," असं म्हणून त्यांनी आठवड्याचे पैसे रोख मोजून घेतले. तिसऱ्या दिवशी थोडे परत मिळतील का विचारलं, तर त्याच तोंडाने, "वारा काय आमच्या हातात आहे?" दोन्ही वाक्यांना हसू तेच. आपल्याकडे हे चालतं, तिकडे चालत नाही, असं समजणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे एकदा अनुभवावं.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला तंबूचं कापड फडफडायला लागलं. पेलेर! मी बारामतीकराला हलवून उठवलं. तो "झोपू दे रे" म्हणत होता, मी ऐकलं नाही. सामान आमच्याच ताब्यात होतं. सहाला पाण्यात. पुढचा तासभर मात्र काय सांगू तुम्हाला. हातात बूम, म्हणजे शिडाची आडवी दांडी, पायाखाली बोर्ड थरथरतोय आणि बारामतीकर मागून शिव्या देत, ओरडत, हसत येतोय. बावीस वर्षांपूर्वीचा आवाज होता तो.

फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. पेलेर काठावरून आत ढकलतो. पुन्हा वर यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी काढत यावं लागतं आणि ते आपल्याला येतं असा आमचा निव्वळ समज होता. प्रत्येक फेरीला आम्ही थोडे थोडे दक्षिणेला सरकत गेलो. मान वर केली तर तोरबोलेची घरं काडेपेटीएवढी. आणि मग, नऊच्या सुमारास, कुणी पंख्याचं बटण बंद करावं तसा वारा गेला.

शीड पाण्यात टाकून बोर्डवर पालथं पडून हाताने वल्हवत काठ गाठला. पाऊण तास. मेअखेरचं पाणी, डोंगराच्या सावलीतला काठ. बारामतीकराचे ओठ जांभळे पडलेले. माझा उजव्या पायातला रबरी बूट पाण्यात गेला आणि दगडावर चढताना तळवा कापला. आम्ही ज्या वस्तीपाशी लागलो तिचं नाव तेंपेस्ता. म्हणजे तुफान! वारा नाही म्हणून माणूस अडकावा आणि गावाचं नाव तुफान असावं.

वॉटरप्रूफ पिशवीतून फोन काढून त्या भाड्यावाल्यांना लावला. बचावबोट आहे, असं त्यांनी पहिल्या दिवशी बोटाने दाखवून सांगितलं होतं. आता म्हणाले, ती जागा आमच्या हद्दीत येत नाही. हद्द! हा शब्द ऐकायला मला गार्डापर्यंत जावं लागलं. तळ्याच्या उत्तरेकडच्या, त्रेंतिनो प्रांतातल्या भागात खासगी मोटारबोटींना बंदी आहे, म्हणून तर शिडवाल्यांचं ते तीर्थक्षेत्र. पण त्यामुळेच जाता जाता दोरी टाकून ओढून नेणाराही कुणी फिरकत नाही. श्टुटगार्टकर आणि दुबईकर गाढ झोपलेले, फोन बंद. वर रस्त्याला लागून मी अंगठा दाखवत उभा राहिलो. टपावर सायकली लावलेल्या गाड्या, बोर्ड लावलेल्या गाड्या, सगळ्या गेल्या. दोघांनी तर हात हलवला. त्यांना वाटलं असेल, मजेत आहेत.

आणि मग बोगद्यातून तो आवाज आला. टर्रर्र. बारामतीकर खालून, थंडीने दात वाजत असताना ओरडला, "अरे, आपे! ही तर आमच्या गावची!"

काका, तुम्ही तेव्हा विचारलंत हा एवढा का हसतोय, आणि मला ते जर्मनमध्ये नीट सांगता आलं नाही. आता सांगतो. आपे बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीचा कारखाना बारामतीला आहे. इकडे तुमच्या भाषेत आपे म्हणजे मधमाशी, हे आम्हाला माहीत नसतं. आमच्याकडे आपे म्हणजे शेतातला कांदा बाजारात नेणारी, शाळेची पोरं कोंबून नेणारी तीनचाकी. चार हजार मैलांवर, कड्याखाली गारठून बसलेल्या माणसाला जणू गावाकडून न्यायला गाडी आली.

तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मागे रिकामे क्रेट आणि गवत कापायचं यंत्र होतं. काय झालं, कसं झालं, एवढ्या पहाटे का गेलात, असलं काही विचारलं नाहीत. खाली बारामतीकराकडे पाहिलंत, मग पाण्याकडे, मग माझ्या पायाकडे. पायाखालच्या दगडावर लाल डाग पडला होता. तुम्ही तो डाग पाहिलात आणि चपला काढल्या. हातात उचलून दिल्या असत्या तर मी नको-नको म्हणालो असतो. तुम्ही त्या तशाच सोडल्यात, उजव्या पायाच्या अंगठ्याने माझ्याकडे सरकवल्यात आणि मी काही म्हणायच्या आत अनवाणी खाली उतरायलाही लागलात. त्या टोकदार खडीवरून. सत्तरीच्या पुढचं वय असेल तुमचं. वर येताना तुमच्या खांद्यावर माझा बोर्ड होता.

चपला गरम होत्या. गेले पंधरा दिवस मला हेच आठवतंय. बाकी सगळं थंड होतं, दगड, वेटसूट, त्या फोनवरचा आवाज, आणि पायाखाली दुसऱ्याच्या पायाची ऊब. आमच्या घरात वडिलांच्या चपलेला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची रीत. तुमच्या चपला तर मी पायात घालून उभा होतो, रक्त लावून, आणि नमस्कार कसा करायचा सुचत नव्हतं.

बोर्ड मागे दीड हात बाहेर आला, त्याला तुम्ही लाल फडकं बांधलंत. केबिन एकाच माणसाची. मी निम्मा दारात, गुडघा तुमच्या गुडघ्याला. कायद्यात हे बसत नसणार, माझ्या जर्मनीतल्या सवयीला ते टोचलंही. बोगद्यात माझं लक्ष तुमच्या उघड्या पायाकडे होतं, ब्रेकवरच्या. अंगठ्याला मातीची रेघ. मला तळावर सोडून तुम्ही बारामतीकरासाठी आणि दुसऱ्या बोर्डासाठी पुन्हा गेलात, आणि तेही अनवाणीच. तेव्हा तरी चपला परत करायचं सुचायला हवं होतं. मी तंबूत कोरडे कपडे शोधत होतो.

पैसे काढले तर तुम्ही हात असा झटकलात की माशी उडवावी. मग बारामतीकराने पिशवी उपसून भाकरवडीचा पुडा काढला. पहिली खाऊन तुम्हाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आम्ही घाबरलो. तुम्ही दुसरी घेतलीत. तिसरी खिशात टाकलीत, कुणासाठी ते सांगितलं नाहीत.

जाताना दक्षिणेकडे बोट दाखवून म्हणालात, सकाळचा वारा घराबाहेर काढतो, दुपारचा परत आणून सोडतो, पण आज दुपारचा येणार नाही. आकाश पाहा. खरंच आला नाही. म्हणजे आम्ही तेंपेस्तालाच ओराची वाट पाहत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. माझ्या आकृतीत सगळे बाण बरोबर होते, आकाशाकडे बघायला मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

श्टुटगार्टकराने समजूत घालायला जर्मन कवी गटेची गोष्ट सांगितली. तो १७८६ च्या सप्टेंबरात तोरबोलेहून पहाटे बोटीने निघाला, वारा मध्येच फिरला आणि दक्षिणेला, तेंपेस्ताच्याही पुढे असलेल्या मालचेझिनेला उतरावं लागलं. तिथे जुन्या किल्ल्याचं चित्र काढत बसला तर लोकांनी हेर समजून घेरलं. "तुम्ही तर मालचेझिनेपर्यंतही पोचला नाहीत," दुबईकर म्हणाला. बारामतीकर खो-खो हसला आणि बिलाचा विषय तिथेच संपला. पुढचे दोन दिवस ओरा आला, अगदी ठरल्या वेळी, पाण्यावर काळसर रेघ ओढत. मजा आली, पण त्याचं वर्णन करावंसं वाटत नाही. भाड्यावाल्यांनी सामान परत घेताना बोर्डाखालच्या फिनवरच्या एका ओरखड्याचे पैसे कापले, तेही सांगून टाकतो.

आमची आजी अलिबागजवळच्या गावात राहायची. भर उन्हात कुणीही दारावरून गेला तरी ती आधी तांब्या पुढे करायची, कोण-कुठला हे नंतर. आम्हा पोरांना वाटायचं हे आमच्याच गावचं. नोकरीसाठी चार देश फिरलो तेव्हा कळलं की अशी माणसं सगळीकडे विखुरलेली असतात आणि ती कुठल्याही काउंटरच्या मागे बसलेली नसतात. कुठल्या तरी वाटेवर असतात, स्वतःच्या कामाला निघालेली, मागे गवत कापायचं यंत्र घेऊन. कदाचित माझा हा भाबडेपणा असेल. पण त्या दिवशी रस्त्यावरून गेलेल्या सगळ्या गाड्यांमध्ये तुमची गाडी सगळ्यांत लहान होती, काका. दोन माणसं आणि दोन बोर्ड तिच्यात मावत नाहीत हे बघताक्षणी कळत होतं. तुम्हालाही कळलं असणारच.

बारामतीकर घरी पोचला. परवा त्याचा फोटो आला. कारखान्याच्या रस्त्यावर एका आपेपाशी उभा आहे, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून. त्या बिचाऱ्याला का ते ठाऊक नाही.

चपला मी धुतल्या. रक्ताचा डाग गेला, अंगठ्याचा खोलगट ठसा तसाच आहे, तुमचा. दोरीची गाठ सोडलेली नाही. मुलीने त्या घालून गॅलरीत जायला बघितलं तर ओरडलो तिच्यावर, मग का ओरडलो ते सांगत बसलो. सप्टेंबरात पुन्हा येतोय. सकाळी दहा ते अकरा तेंपेस्ताच्या बोगद्याशी थांबेन, येतील तेवढे दिवस. त्याआधी एखादं मराठी कुटुंब त्या बाजूला फिरायला गेलं आणि टर्रर्र आवाज ऐकू आला, तर कृपया गाडी थांबवून एवढंच विचारा, काकांनी नव्या चपला घेतल्या की अजून अनवाणीच फिरताहेत.

भाकरवडी आणतो. कमी तिखट मिळते का बघतो.

आपला,
चपला घालून गेलेला