गरोदरपणातली खाज आणि यकृत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला गरोदरपणातील त्वचाविकारांवरचा लेख वाचला. पोटाची कातडी ताणून सुटणारी खाज, कोरडेपणा, त्यावरची मलमं, सगळं ठीक. पण यकृताचं नावही त्यात नाही. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम केलेलं असल्याने मला हे फार खटकलं.

अंगावर पुरळ नाही, पण तळहात-तळपाय खाजतात, रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार शेवटच्या तीन महिन्यांत आली तर आधी यकृताकडे बघायला हवं. वाढलेल्या संप्रेरकांमुळे काही जणींच्या यकृतातून पित्ताचा निचरा मंदावतो. तुंबलेली पित्ताम्लं रक्तात उतरतात आणि यकृताच्या पेशींनाही दुखावतात. दुखावलेल्या पेशींच्या रासायनिक हाकेला पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह सुरू होतो आणि इजा आणखी वाढते. बाळंतपणानंतर आईचं यकृत बहुधा पूर्ववत होतं, म्हणूनच ‘बाळ झालं की जाईल’ असं सांगून तिला गप्प केलं जातं. बाळाचं काय? पित्ताम्लं लिटरमागे 100 मायक्रोमोलपर्यंत किंवा त्यापुढे गेली, तर ते पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी खाज थोडी कमी होते, पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बाळाला त्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे खाज थांबली म्हणून तपासण्या थांबवू नयेत. प्रसूती केव्हा करायची, हे पित्ताम्लांचे आकडे बघून ठरतं.

उजव्या बरगडीखालचं दुखणंही असंच ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं जातं. ते ‘हेल्प’ सिंड्रोमचं असू शकतं. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स चढतात, प्लेटलेट घसरतात. वारेतून रक्तात येणारे घटक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, यकृतातल्या बारीक वाहिन्या बुजतात आणि तिथेही दाह भडकतो. शंभरातल्या 15 ते 20 जणींत सुरुवातीला रक्तदाब वाढलेला नसतो, म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणं चूक आहे. गरोदरपणात यकृतात अचानक चरबी साचण्याचा आजार याहून दुर्मीळ, पण त्यात उलट्या, मग साखर उतरणं, रक्त न गोठणं असं सगळं झपाट्याने घडतं. या दोन्हींत आईला स्थिर करून लवकर प्रसूती करणं हाच मुख्य उपाय.

रिपोर्ट वाचतानाही घोटाळा होतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम यकृताप्रमाणे वारेतूनही येतं, त्यामुळे ते गरोदरपणात वाढलेलं दिसतंच. एएलटी आणि एएसटी ही यकृताला इजा झाली की रक्तात चढणारी एन्झाइम्स मात्र वाढायला नकोत. ती वाढली असतील तर ‘दिवस गेल्यावर असं होतंच’ हे उत्तर स्वीकारू नये. कारण शोधायलाच हवं, कावीळ करणाऱ्या विषाणूंसह.

आणखी एक गोष्ट. खाज आधी सुरू होते आणि रक्तातला बदल कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी खाज कायम असेल, तर यकृताची आणि पित्ताम्लांची तपासणी पुन्हा करून घ्यावी. एवढं तरी पुढच्या अंकात छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, निवृत्त परिचारिका