साहेब, रेटिंगचे पाच डाव आमच्या तालुक्यात होऊ द्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शाळा सुटली की वऱ्हांड्यात पोरांचं बुद्धिबळ घेतो. आमच्या पटातला एक काळा हत्ती हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं झाकण मांडतो.

देशाचा बुद्धिबळ संघ तुम्ही नाही, बुद्धिबळ महासंघ निवडतो, हे ठाऊक आहे. रेटिंग, म्हणजे डावांच्या निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा, पाहून संघ निवडावा की नाही, यावर वादही होतात. माझं मत विचाराल तर रेटिंगच पाहा. निवड समितीत आमच्या ओळखीचं कोणी नसतं, आणि आकड्याला ओळख लागत नाही. आकडा चुकतोही. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकाला पंधराव्या मानांकनावर उतरली अन् जॉर्जियातल्या बातुमीहून चषक घेऊन आली. पण त्याआधी रेटिंगचे शेकडो डाव तिच्या गाठीशी होते.

माझ्या सातवीतल्या एका विद्यार्थिनीच्या गाठीशी चार आहेत. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पहिल्या रेटिंगला रेटिंगवाल्यांशी किमान पाच डाव लागतात. शिवाय मार्च २०२४ पासून रेटिंगचा तळ, म्हणजे सर्वांत कमी आकडा, १४०० वर नेलाय. कामगिरी त्याखाली गेली की यादीत नाव नाही. अख्ख्या गावाला तिनं हरवलं, मलाही. त्याचा हिशेब कुठंच होत नाही.

दिवाळीनंतर तिला नागपूरला नेलं. प्रवेश फी, एसटी, लॉजच्या तीन रात्री. कापूस वेचणीचे दिवस, सोबत आलेल्या बापाची मजुरी बुडाली ती वेगळीच. नऊ फेऱ्यांत रेटिंगवाले आले चार. पाचवा डाव पुढच्या स्पर्धेत धरतात, पण त्यासाठी पुन्हा तेवढाच खर्च. परतताना बसमध्ये बापानं विचारलं, "सर, हे रेटिंग म्हंजे सातबाऱ्यावरचं नाव हाय काय?" मी हो म्हणालो. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा मागणी एवढीच: आडवळणाच्या तालुक्यांत वर्षाला दोन तरी रेटिंग स्पर्धा शासनानं भरवाव्यात. गावच्या पोरांना फी नको. बक्षिसाची रक्कम मात्र घसघशीत ठेवा, नाहीतर रेटिंगवाले इकडे फिरकणार नाहीत, आणि आमचीच पोरं आमच्याच पोरांशी खेळत बसतील.

जागेची काळजी करू नका, शाळेच्या सहा खोल्या मोकळ्या करून देतो. हत्तीही नवा आणतो.

आपला,
एक शिक्षक