वन्समोअर सतरंजीवरून

महोदय,
अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२) परवा आमच्याकडे मैदानात, उघड्यावर झाले. गर्दी झकास. ‘नच सुंदरी करू कोपा’ला वन्समोअर मिळाला, तोही मागे सतरंजीवर बसलेल्या कॉलेजच्या पोरांकडून! पुढच्या खुर्च्यांतले जाणकार मात्र पद चालू असतानाच शेजाऱ्याला जुन्या गायकांच्या आठवणी ऐकवत होते. एका आजोबांनी पदभर मोबाइल उंच धरून चित्रण केले. मागच्यांना कृष्ण दिसलाच नाही. वाऱ्याने माइक घुमत होता, ऑर्गन जेमतेम ऐकू येत होता, हे खरे. पण तरुणांना नाट्यसंगीत नको असते, हे पालुपद आता पुरे. आयोजकांनी पुढच्या प्रयोगाला पहिल्या दोन रांगा त्या पोरांसाठी राखाव्यात.

– एक नाट्यरसिक, सांगली